बुजगावण्याला म्हटलेलं सॉरी

इंग्लंडमधल्या आमच्या थॉर्नबेक गावात दर ऑगस्टला बुजगावण्यांची जत्रा भरते. शेतात आता कुणी बुजगावणी ठेवत नाही, त्यामुळे ती सगळी गावात येऊन उभी राहतात. त्या वर्षी चर्चच्या फाटकाशी एक अवाढव्य बिशप, म्हणजे बडा धर्मगुरू, उभा केला होता. तो डेझमंड थ्वेट यांच्या अंगावर पडला.

डेझमंड गिलाव्याचं काम करायचे, त्यातही छताचं. त्या सकाळी ते पाव आणायला चालले होते. धर्माशी त्यांचा काहीएक संबंध नव्हता. उजव्या खांद्याचा चुराडा झाला. आणि बिशपखाली आडवे पडलेले असताना, अर्ध्या गावादेखत, ते म्हणाले, "सॉरी हं. माझंच चुकलं."

हे ते बिशपला म्हणाले.

आमच्या गावात याचं कुणाला नवल वाटलं नाही. माझे वडील धक्का लागला तर दिव्याच्या खांबालाही सॉरी म्हणतात. पण जत्रेच्या समितीचा विमा उतरवणारी कंपनी दुसऱ्या शहरातली. तिने ते वाक्य अलगद उचललं आणि कळवलं, की जखमी माणसाने स्वतःच चूक कबूल केली आहे, सबब भरपाईचा प्रश्न येत नाही.

डेझमंड माझ्याकडे आले तेव्हा मी नुकतीच वकील झाले होते आणि माझ्या टेबलाचा एक पाय आखूड होता. त्यांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. दोन शस्त्रक्रिया झाल्या, तरी जाईना. असा माणूस छताचा गिलावा कसा करणार? भरपाई मिळाली तर दुसरं काही सुरू करेपर्यंत तगता आलं असतं. नाहीतर घर विकून ग्रिम्सबीला बहिणीकडे जायचं. बहीण टर्की पाळते आणि त्यांच्याशी भांडते.

"पण पोरी, दावा लावला तर ऑडीबाईंना वाईट वाटेल गं," ते म्हणाले.

विनिफ्रेड ऑडी म्हणजे समितीच्या अध्यक्ष आणि डेझमंडच्या शेजारी. अपघात झाला तेव्हा त्यांच्याच स्वयंपाकघराचं छत डेझमंड करत होते. अर्धं झालं होतं.

"ऑडीबाईंच्या खिशातून काही जाणार नाही. विमा असतो कशाला मग?"

"पण मी सॉरी म्हणालोय. सगळ्यांनी ऐकलंय."

"नुसतं सॉरी म्हणणं ही कबुली नाही, असा कायदाच आहे. नसता, तर हा अख्खा देश आत गेला असता."

ते म्हणाले, "बाई रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जातात. दोन वर्षं झाली, एक शब्द नाही. मी काय केलं त्यांना?"

त्याचं कारण मला ठाऊक होतं. विमा कंपनीने बाईंना बजावलं होतं: माफी मागू नका, काही कबूल करू नका, बोललाच नाहीत तर उत्तम. जी बाई टपालपेटीचं झाकण जोरात आपटलं तरी पेटीची क्षमा मागते, तिने दोन वर्षं दात आवळून काढली.

कोर्टात कंपनीचे वकील फॅनशॉ फार सभ्यपणे उभे राहिले. "मिस्टर थ्वेट, आपण 'माझंच चुकलं' म्हणालात?"

"म्हणालो. सॉरी."

मी टेबलाखालून त्यांच्या बुटाला बूट लावला. त्यांनी बुटालाही सॉरी म्हटलं.

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "पण तुमचं चुकलं काय?"

डेझमंडनी बराच विचार केला. "त्याचं डोकं निघून गडगडत गेलं, साहेब. शाळेतल्या पोरांनी कागदाचा लगदा करून बनवलेलं. एक चिमुरडी समोरच उभी होती. तिचा चेहरा बघितला, आणि वाटलं, कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं. मीच सगळ्यात जवळ होतो."

कुणी हसलं नाही. मीही नाही, आणि मी सहसा हसते.

मग फॅनशॉंनी ऑडीबाईंना साक्षीला बोलावलं. बिशप नीट बांधला होता एवढंच त्यांनी सांगायचं होतं. बाईंनी पर्स छातीशी धरली आणि जज्जसाहेबांना विचारलं, "साहेब, इथे सॉरी म्हटलेलं चालतं का? मला मनाई आहे."

"अवश्य म्हणा. सॉरी म्हटल्याने कायद्याने कुणी अडकत नाही."

फॅनशॉ अर्धवट उठले.

"मग सॉरी, डेझमंड!" बाईंचा बांधच फुटला. "दोन वर्षं घशात अडकलंय रे! निळी दोरी होती माझ्याकडे, चांगली जाड. पण जांभळ्या झग्यावर ती इतकी वाईट दिसत होती, की मी त्याला लोकरीने बांधलं. रंग अगदी जुळला होता."

"कशाने?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"लोकरीने. दुहेरी घेतली होती."

फॅनशॉ बसले. सॉरीला कायद्याचं संरक्षण होतं, लोकरीला नव्हतं.

बाहेर पडताना डेझमंड आणि बाई दोघं दारात अडकले. आधी तुम्ही, छे छे, आधी तू. मागे आम्ही सगळे खोळंबलो, जज्जसाहेबसुद्धा.

भरपाई मिळाली. घर राहिलं, टर्की टळल्या. खांदा मात्र होता तसाच राहिला. तो परत देण्याचा अधिकार कुठल्याच कोर्टाला नाही. पुढच्या महिन्यात बाईंनी मला चहाला बोलावलं. स्वयंपाकघराचं छत अजून अर्धंच होतं. एका बाजूला आरशासारखा गिलावा, दुसऱ्या बाजूला उघड्या फळ्या.

"दुसरा माणूस नाही बोलावलात?" मी विचारलं.

"डेझमंडचं काम आहे ते," बाई म्हणाल्या आणि थापी घेऊन शिडीवर चढल्या. शहरातल्या शाळेत गिलावा शिकवायचं डेझमंडच्या मनात होतं, आणि ही त्यांची पहिली विद्यार्थिनी. ते खाली उभं राहून सांगत होते, "मनगट सैल सोडा, बाई. पोळीला लोणी लावताय असं समजा. एवढं नको! एवढं नको!"

ओल्या गिलाव्याचा एक भला मोठा गोळा सुटला आणि त्यांच्या डोक्यावर बसला.

दोघंही एकदमच सॉरी म्हणाले. मी त्यांना फडकं दिलं. कायद्याच्या दृष्टीने कुणीही काहीही कबूल केलेलं नव्हतं.