घनश्यामभाऊंची हरकत

घनश्याम तिसऱ्यांदा नगरसेवक झाला होता आणि वच्छला पहिल्यांदाच. तरी २०१२ सालच्या त्या सभेत मुख्याधिकारी पर्यावरणाच्या कामांचा आढावा वाचू लागले, तेव्हा पहिलं नाव तिचंच निघालं. तिच्या वॉर्डात शंभर झाडांपैकी एक्क्याण्णव जिवंत. घनश्यामच्या वॉर्डात सात. बाकीची बकऱ्यांनी खाल्ली, आणि बकऱ्या पडल्या मतदारांच्या. त्यांना हाकलायचं कोणी?

वच्छलानं जगावेगळं काही केलं नव्हतं. ज्या घरात नवी सून आली, त्या घराला बोडीच्या, म्हणजे छोट्या तलावाच्या पाळीवरचं एक रोप तिनं नेमून दिलं. मग काय, शेजारणीच्या सुनेचं झाड आपल्या सुनेच्या झाडापेक्षा उंच होऊ नये म्हणून सासवाच सकाळी पाण्याने भरलेले गुंड घेऊन पाळीवर धावू लागल्या. ही साधी युक्ती आपल्याला इतक्या वर्षांत का सुचली नाही, या विचारानं घनश्यामचा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात गावाच्या नव्या विकास आराखड्यात बगिच्याचं आरक्षण पडलं तेही त्या बोडीशेजारीच. आता फाटकावर तिच्या नावाची पाटी लागणार आणि बाजारात जाता-येता ती रोज वाचावी लागणार!

त्यानं मुदतीत हरकत घातली होती. दोनशे बारा सह्या घरोघर फिरून स्वतः गोळा केल्या होत्या. बगिचा आमच्याच वॉर्डात पाहिजे.

आढावा संपला आणि आराखड्याचा विषय आला.

"घनश्यामभाऊ, मुबारक हो," अध्यक्ष मुन्नालालजी हसून म्हणाले. "समितीने आपकी हरकत मान ली. बगिचा तुमच्या वॉर्डात."

घनश्यामनं आधी वच्छलाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. त्याला इतकं बरं वाटलं की टाळ्या वाजवणाऱ्यांना त्यानं उभं राहून नमस्कार केला.

"जागा कोंडवाड्याचीच ना?" त्यानं बसता बसता विचारलं.

"ती कशी मिळेल?" मुख्याधिकारी म्हणाले. "ती पाण्याच्या टाकीला गेली. तुम्हीच मागितली होती."

मागितली होती खरी. टाकी वच्छलाच्या वॉर्डात जाऊ नये म्हणून गेल्याच महिन्यात आदळआपट करून त्यानं ती आपल्याकडे ओढली होती. हावरटाच्या ताटात दोन वाढपं एकदम पडली तर दुसरं सांडणारच, पण हे त्याच्या ध्यानात यायला उशीर झाला.

"तुमच्या वॉर्डात दीड एकर मोकळी जागा एकच उरते," मुख्याधिकाऱ्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "नाल्याकाठची बांधी."

नाल्याकाठची धानाची बांधी घनश्यामच्या घरची, त्याची बायको कला हिच्या नावावरची होती. घरातला वर्षाचा तांदूळ तिथूनच यायचा.

मुन्नालालजींनी आवाज खाली आणला. "देखो भाऊ, अजून ठराव झाला नाही. हरकत मागे घ्या, दोन ओळी लिहून द्या. बगिचा जैसे थे, बोडीपाशी."

कोणीतरी पेन पुढे केला. घनश्यामनं तो हातात घेतलासुद्धा. दोन ओळींचंच तर काम होतं. पण डोळ्यांपुढे ते फाटक आलं, ती पाटी आली, आणि पाटीखाली उभ्या राहून मिरवणाऱ्या सासवा आल्या. पेन कागदावर टेकेना.

"भाऊ," समोरून वच्छला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "ते बांधी तं कलावहिनीची हाये ना? त्यायच्या बाबानं देल्ली होती. मले नाई पाहिजे पाटी. तुमच्या नावाची लावा बोडीवर, पन वहिनीची बांधी कायले घालवता?"

सगळं सभागृह घनश्यामकडे पाहू लागलं. तिनं दिलेली पाटी! तिनं!

त्यानं पेन टेबलावर ठेवला.

"हरकत राहू द्या," तो म्हणाला. "ठराव लिहा."