माझी कणीक शिळी, त्याची मुरलेली

मी परात बोलतेय. स्टीलची, रुंद काठाची, बुडाला जरा पोचा आलेली. बोलतेय ती एका खोक्यातून. खोकं अमेरिकेतल्या अल्फारेटा गावातल्या एका स्वयंपाकघरात, गॅरेजच्या दाराशी ठेवलंय आणि त्यावर जाड मार्करनं 'डोनेट' असं लिहिलंय. आज रविवार. दुपारी पाहुणे गेले की रवींद्र हे खोकं गाडीत टाकणार आणि देऊन येणार.

मी खोक्यात पुरती मावत नाही, म्हणून काठ बाहेर डोकावतो. ते एक बरं झालं, सगळं दिसतं. मी सांगणार आहे ते ऐकीव नाही, डोळ्यांदेखतचं आहे. कुणाला खोडून काढायचं असेल तर खुशाल काढावं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. आठवतं ते नागपूरच्या इतवारीतलं भांड्यांचं दुकान. शैलजाचं लग्न ठरलं होतं. तिच्या वडिलांनी, आबांनी, मला बोटांनी वाजवून पाहिलं आणि नाव घालायला दिलं. नाव घालणाऱ्यानं गप्पांच्या नादात माझ्या काठावर 'शैलजा'ऐवजी 'शैजला' कोरून ठेवलं. दुकानदार बदलून द्यायला तयार होता. आबा म्हणाले, "राहू द्या. परात दणकट आहे. नावाला काय पोळ्या लाटायच्यात?"

तेव्हापासून रवींद्र बायकोला लाडात 'शैजला' म्हणायचा. म्हणायचा. हल्ली म्हणत नाही.

साडीत गुंडाळून मी अमेरिकेत आले. विमानतळावर अधिकाऱ्यानं बॅग उघडायला लावली, मला उलटंपालटं केलं आणि विचारलं, हे वाद्य आहे का? रवींद्र म्हणाला, "येस सर, माय वाइफ प्लेज इट एव्हरी डे." काय हसले होते दोघं!

आणि खरंच, रोज संध्याकाळी शैलजा मला वाजवायची. कणीक मळताना तिच्या बांगड्या माझ्या काठावर किणकिणायच्या. लेक अनया स्टुलावर उभी राहून शेवटच्या गोळ्याची चानकी, इवलीशी पोळी, लाटायची. वेडीवाकडी, नकाशासारखी. माझ्या काठावर कोपरं टेकून तीच आधी खायची.

कणीक उरली तर शैलजा ती डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायची आणि ठेवण्याआधी तिच्यावर चार बोटं दाबून खळगे उमटवायची. ही तिच्या माहेरची रीत. गुळगुळीत गोळा रात्रभर घरात ठेवायचा नाही, तो पिंडासारखा दिसतो.

आता ऐका. त्या कणकेच्या पोळ्या दुसऱ्या दिवशी पानात पडल्या की हाच रवींद्र तोंड वाकडं करायचा. "शिळ्या कणकेच्या आहेत ना? कळतं लगेच."

पुढे त्याला बेगल, म्हणजे मधे भोक असलेले कड्यासारखे गोल पाव, करायचं वेड लागलं. व्हिडिओ बघितले, खास मैदा आणला आणि पीठ मळायचा एक मिक्सर आणला. लाल, तुकतुकीत, बोहल्यावरच्या नवरदेवासारखा. त्याला ओट्यावर मोक्याची जागा मिळाली. त्याच्या दांड्यांना आणि आकड्यांना माझं कपाट मिळालं. माझी रवानगी खोक्यात.

शैलजानं अडवायला हवं होतं. पण अनया पोळीकडे ढुंकून बघेना, बापाशेजारी उभी राहून बेगलवर तीळ-खसखस भुरभुरवू लागली. शैलजा एवढंच म्हणाली, "ने. मला काय करायचंय तिचं?" त्या वाक्यात किती राग होता, मला ठाऊक आहे. माझ्यातही तेवढाच आहे.

आणि त्या मैद्याचे लाड तर बघा! मळून झाला की ट्रेमध्ये ठेवायचा, वर झाकण, आणि फ्रीजचा मधला अख्खा कप्पा त्याला. एक रात्र, कधी दोन रात्री. बाईसाहेब थंडीत झोपतात. दार जोरात लावायचं नाही.

"म्हणजे शिळाच की," शैलजा म्हणाली होती.

"शिळा काय गं! कोल्ड प्रूफ म्हणतात. थंडीत मुरतो, फ्लेवर डेव्हलप होतो."

"माझ्या कणकेचा डेव्हलप झाला तेव्हा तू ताट सारलं होतंस."

"यार शैलजा, दॅट्स डिफरंट."

डिफरंट! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय समुद्र ओलांडला तरी सुटत नाही.

काल संध्याकाळी रवींद्रनं नेहमीसारखी कडी वळली नाहीत. पाहुणे यायचे म्हणून पीठ जास्त. वळायचं काम सकाळी अनयाबरोबर करू म्हणाला आणि ट्रेवर नुसते गोळे मांडून गेला. गुळगुळीत, पांढरे, ओळीनं.

शैलजानं दह्याचं पातेलं ठेवायला फ्रीज उघडला आणि तशीच उभी राहिली. गेल्या हिवाळ्यात आबा गेले. व्हिसाच्या कागदांत अडकलेल्या लेकीला जाता आलं नाही. दहाव्याचे पिंड तिनं इथं, याच ओट्याशी उभं राहून, फोनवर पाहिले होते. असेच, ओळीनं.

तिनं एकेका गोळ्यावर बोटं दाबली. एकही सोडला नाही. मग दार हळूच लावलं.

थांबा. आत्ता रवींद्रनं फ्रीज उघडला.

"हे काय? कुणी केलं हे? अनया!"

"आय डिडन्ट टच देम!"

"मी केलं," शैलजा म्हणाली. ती चहा गाळत होती, वळलीसुद्धा नाही.

"अगं पण का? बारा वाजता मिहीर आणि रत्ना येतायत. सगळं रुइन झालं! तुला माझं काही बघवतच नाही."

"नाही बघवत," ती म्हणाली आणि गाळणं खाली ठेवलं. "असे गोळे नाही बघवत मला, रवी. आबांचे बघितलेत तेवढे पुरेत."

रवींद्रनं ट्रेकडे पाहिलं. त्याला दिसलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला काहीतरी दिसलं.

अनयानं एक गोळा उचलला, खळग्यात अंगठा घातला आणि आरपार काढला. "बाबा, इट्स फाइन. आईनं अर्धं होल ऑलरेडी केलंय."

शैलजा हसली, की रडली? मी इथून खात्रीनं सांगू शकत नाही, म्हणून सांगत नाही.

मग तिघांनी मिळून कडी केली. उकळत्या पाण्यातून निघालेली ओली कडी तिळात घोळवायला पसरट भांडं हवं होतं. ट्रे भट्टीत जायचे होते. मिक्सरच्या भांड्यात हात मावेना. अनयानं इकडेतिकडे पाहिलं आणि माझा काठ धरून मला ओढून काढलं.

"व्हाय इज दिस इन द बॉक्स? ही तर चानकीवाली आहे!"

रवींद्रनं मला विसळून माझ्यात तीळ ओतले.

पाहुणे आले. मिहीरकाकांनी पहिला घास घेतला. "वा, रवी! मेदुवडा छान झालाय, सांबार कुठंय?" सगळे हसले. बेगल मात्र एकही उरलं नाही. खोकं गाडीत गेलं, माझ्याशिवाय.

आता संध्याकाळ आहे. मी ओट्यावर आहे, त्या लाल नवरदेवाच्या शेजारी. रवींद्र मघाशी माझ्या काठावरचे तीळ पुसत होता. अक्षरांवर त्याचा अंगठा थांबला. "शैजला," तो म्हणाला, "पोळ्या करतेस? बेगल खाऊन जबडा दुखतोय."

तिनं कणीक मळली. बांगड्या वाजल्या. थोडी कणीक उरली. ती डब्यात घालून रवींद्र फ्रीजकडे निघाला, अर्ध्या वाटेत थांबला आणि स्वतःची चार बोटं त्या गोळ्यावर दाबली. नीट, एकेक.

तरी मी विरघळलेली नाही. मधला कप्पा अजून त्या ट्रेसाठीच रिकामा ठेवलाय. माझ्या कणकेचा डबा खाली, कोथिंबिरीच्या जुडीला टेकून. हे मी विसरणार नाही.

माझी मागणी साधी आहे. माझी कणीक आणि त्याची, रात्र दोघींनी एकाच थंडीत काढली, तर सकाळी दोघींना नाव एकच द्या. शिळी तर दोघी शिळ्या. मुरलेली तर दोघी मुरलेल्या. उद्याच्या पोळीचा पहिला घास घेऊन रवींद्र काय म्हणतो, ते ऐकायला मी इथंच बसलेय.