न्यूरोनाथांचं यंत्र आणि भरताचं वांगं

चोपडा तालुक्यातल्या चिंचखेड्यात त्या दिवशी एवढी गर्दी लोटली होती, की एस.टी.च्या ड्रायव्हरने गाडी फाट्यावर उभी केली आणि तोही उतरून रांगेत लागला. रांगेच्या टोकाला पांढरी व्हॅन होती आणि तिच्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘दिव्य एम.आर.आय. मेंदूची जोडणी, पितरांसह.’ व्हॅनच्या तोंडाशी पुरुषभर उंचीचा लोखंडी त्रिशूळ रोवलेला. पलीकडे महाप्रसादासाठी काड्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजली जात होती. थंडीचे दिवस आणि त्यात भरीत, म्हटल्यावर निम्म्या लोकांची श्रद्धा त्या वासानेच बसली होती.

व्हॅनमध्ये एक बोगदा होता. रोग्याने फळीवर आडवं व्हायचं, डोक्यावर भगवं कापड पडायचं आणि फळी आत सरकायची. आतून खडखड, टकटक, घूंऽऽ असा आवाज निघायचा. मग बाहेर टांगलेल्या पडद्यावर त्याचा मेंदू उमटायचा. करड्या मेंदूवर लाल ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या दोन-चार केविलवाण्या रेघा. ते पाहून न्यूरोनाथ महाराज हळहळायचे, विभूती फुंकायचे, आणि पुन्हा यंत्र घुमायचं. या खेपेला पडद्यावर रेघाच रेघा! बायामाणसं हात जोडून उभी राहायची.

“मेंदू म्हणजे रेल्वे आहे, माउली!” माइकवरून महाराज सांगत होते. “मुंबईहून आज्ञा सुटली, तिला नागपूर गाठायचंय. पण गाडी अडकली भुसावळ जंक्शनला. का अडकली? रुळांवर तुमचे पितर बसलेत! डॉक्टर काय करतात? इंजिनाला गोळ्या चारतात. अहो, पितर उठल्याशिवाय गाडी हलेल का?”

“नाही!” गर्दी ओरडली.

“यालाच सायन्समध्ये म्हणतात फंक्शनल कनेक्टिव्हिटी!”

पहिल्या ओळीत बसलेल्या तोताराम नानांनी हा शब्द ऐकून मान डोलावली. आख्ख्या गावात हा शब्द आधीपासून ठाऊक असलेला माणूस एकच, तो म्हणजे नाना. आणि खरी गोम तिथेच होती.

नाना वेडे नव्हते. गावात केळीला ठिबक सिंचन सगळ्यांच्या आधी त्यांनीच केलं. खताची गोणी उघडून, वास घेऊन, दुकानदाराला दहा प्रश्न विचारल्याशिवाय ते विकत घ्यायचे नाहीत. पण त्यांच्या हितेंद्रला लहानपणापासून मिरगी होती. गोळ्यांनी ती आवरलेली होती, पण गोळ्या चालू आहेत म्हटलं की सोयरिकी परत जायच्या. पोरगा अबोल होत चालला होता, आणि बापाच्या जिवाला ते लागत होतं.

त्यांची मुलगी कामिनी बेंगळुरूला मेंदूवरच संशोधन करायची. तिने एकदा फोनवर समजावलं होतं, “नाना, माणूस नुसता पडून राहिला तरी मेंदूचे भाग स्वस्थ नसतात. कुठे रक्तातला प्राणवायू वाढतो, कुठे कमी होतो. एम.आर.आय.वर ते टिपता येतं. ज्या दोन भागांचा चढउतार बरोबरीने चालतो, त्यांची जोडणी, म्हणजे फंक्शनल कनेक्टिव्हिटी, आहे असं आम्ही धरतो.” नानांना यातलं थोडं कळलं, पण अभिमान भरपूर वाटला. पुढे धुळ्याला एका लग्नात न्यूरोनाथ भेटले. त्यांच्या तोंडी लेकीचेच शब्द ऐकून नाना विरघळले. लेक नुसती जोडणी बघते, हा बाबा तर तुटलेली जोडून देतो! महाराजांना गावात आणलं ते नानांनीच. नाना बोलले म्हटल्यावर गावाने प्रश्न विचारले नाहीत.

महाराजांची अट एकच होती. जोडणीच्या आधी काही दिवस गोळ्या बंद. “गोळी रुळावर आडवी पडते,” ते म्हणाले. नानांनी गोळ्यांचा डबा स्वतःच्या हाताने कपाटात घालून कुलूप लावलं.

ही बातमी कामिनीला कळवली ती आईने. बेबाबाईंचा देवावर विश्वास होता, पण देवाच्या दलालांवर फारसा नव्हता. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, “तुना बापनी हितेंद्रन्या गोळ्या बंद करी टाक्यात. तू ये.”

कामिनी जळगाव स्टेशनवर उतरून थेट मंडपात आली, ती पाठीवरच्या पिशवीसकट. बापाच्या शेजारी बसून तिने हलक्या आवाजात सुरुवात केली.

“नाना, आधी त्याला गोळी द्या. एकदम बंद केल्या तर मोठी फिट येते. माणूस जातो त्यात.”

“आज त्याचा नंबर शे, पोरी. संध्याकाळपर्यंत थांब.”

“हे यंत्र खोटं आहे. खऱ्या एम.आर.आय.मध्ये अजस्र लोहचुंबक असतं. आम्ही खोलीत जाताना केसातली पिनसुद्धा काढून ठेवतो. हे खरं असतं ना, तर तो त्रिशूळ केव्हाच उडून बोगद्यात शिरला असता. मधे महाराज असते तर त्यांना घेऊन.”

महाराजांचे कान तिखट होते. ते माइकवर हसले. “ताई बेंगळुरूहून आल्यात! ताई, तुमचं चुंबक आमच्या त्रिशुळाला काय हलवणार? तो आमच्या आज्ञेत आहे. जागचा हलू नको म्हटलंय, म्हणून हलत नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. नानांनीही टाळी वाजवली आणि मग लेकीकडे बघायचं टाळलं.

कामिनीला संताप आला. इतकी वर्षं शिकून ती एका लोखंडी त्रिशुळापुढे हरली होती. तिने मागे पाहिलं. हितेंद्र रांगेत मान खाली घालून उभा होता, आणि त्याच्या मागे वांग्यांचा ढीग पडला होता.

जे रोगी उठून येऊ शकत नाहीत त्यांची सोय महाराजांनी केलेली होती. रोग्याने वापरलेली टोपी किंवा फडकं गाठोडं बांधून फळीवर ठेवायचं. मेंदूची सावली कापडात उतरते, असं महाराजांचं शास्त्र. सकाळपासून अशा बऱ्याच टोप्यांची जोडणी झाली होती. कामिनी उठून आईच्या कानाला लागली. बेबाबाईंनी ऐकलं, पदर खोचला, नानांची जुनी टोपी आणि एक फडकं घेतलं आणि त्या वांग्यांच्या ढिगाकडे गेल्या.

थोड्याच वेळात त्या गाठोडं घेऊन व्हॅनपाशी उभ्या होत्या. चेहरा असा, की जणू घरात खरंच कोणी अंथरुणाला खिळलंय.

“मना भाऊ शे, महाराज. सावदा गावले पडेल शे. उठता येत नही.”

रुपचंद नावाच्या शिष्याने गाठोडं उचललं आणि दचकला. “महाराज, टोपी जड आहे.”

“चिंता जड असते, बाळा.” महाराजांनी डोळे मिटले.

यंत्र घुमलं. पडद्यावर मेंदू आला, रेघा दोन-तीनच. महाराजांनी कपाळावर हात मारला.

“अरेरे! स्वभाव तापट. घरचे विचारत नाहीत. आतल्या आत भाजतोय बिचारा! आजोबा बसलेत याच्या रुळावर.” विभूती उडाली, यंत्र पुन्हा घुमलं आणि पडदा रेघांनी उजळून निघाला. “झाली जोडणी! आजपासून तुमचा भाऊ हिंडू-फिरू लागेल, माउली.”

“हिंडी-फिरी?” बेबाबाईंनी गाठोडं घेतलं आणि सगळ्यांना दिसेल असं उघडलं. टोपीत हिरवंगार, देठासकट, दोन माणसांना पुरेल असं भरताचं वांगं होतं.

मग मागून भिकन ओरडला. तो गावचा केळी भरणारा मजूर, जिभेला हाड नाही. “महाराज, वांगाना आजोबा कोन व्हता?”

हशा असा पिकला, की भाजणारे वांगी टाकून पुढे आले.

“हसू नका!” महाराज गरजले. “चराचरात चैतन्य आहे! वांग्यातही आहे!”

“चैतन्य व्हई,” बेबाबाई म्हणाल्या. “पन पडदावर मानसना मेंदू कोठेन उना?”

रुपचंद पडद्याला जोडलेला लॅपटॉप मिटायला धावला, पण कामिनी आधी पोचली होती.

“हे चित्र खऱ्या मेंदूचं आहे,” ती पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, “पण इथल्या कोणाचंच नाही. आमच्याकडे शिकणाऱ्यांच्या सरावासाठी असे मेंदू इंटरनेटवर फुकट ठेवलेले असतात. सकाळपासून तुम्हा सगळ्यांना हा एकच दाखवलाय. आता पडद्याच्या कडेची ही सरकती पट्टी बघा. दोन भागांचा चढउतार किती जुळला म्हणजे त्याला जोडणी म्हणायचं, ती मर्यादा हिच्यावर ठरते.” तिने पट्टी वर सरकवली. रेघा विझल्या. “हे पितर बसले.” पट्टी खाली ओढली. रेघांचं जाळं पसरलं. “हे पितर उठले!”

तिने तीन-चारदा वरखाली केलं. गर्दी प्रत्येक वेळी तालात ओरडायला लागली, “बसनात! उठनात!”

“मर्यादा फार खाली आणली, की यंत्राच्या नुसत्या खरखरीतूनही रेघा निघतात,” ती म्हणाली. “आमच्यातले शिकलेलेही तिथे फसतात. म्हणून आम्ही मर्यादा आधी ठरवतो, आणि दुसऱ्यांना तपासायला देतो.”

तोवर भिकनने बोगद्यात हात घातला होता. पांढरा पत्रा मारलेली पाण्याची प्लास्टिकची टाकी आणि तिच्या बुडाशी एक स्पीकर. त्याने स्पीकर बाहेर काढला तेव्हा तो अजून घूंऽऽ करत होता.

नाना मात्र हसले नाहीत. ते हितेंद्रकडे वळले, आणि त्याच वेळी हितेंद्र जमिनीवर कोसळला. अंग ताठ झालं, मग झटके सुरू झाले. तोंडाला फेस आला.

“संचार झाला!” महाराजांनी शेवटचा डाव टाकला. “कोणी हात लावू नका!”

कोणीतरी कांदा आणला, कोणी चप्पल काढून नाकाशी धरायला धावलं. कामिनीने दोन्ही दूर फेकलं. “मागे सरका! तोंडात काही घालू नका, हातपाय दाबू नका. नाना, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या.”

नानांनी उपरणं काढून घडी केली आणि पोराच्या डोक्याखाली सारली. कामिनीने भावाला कुशीवर वळवलं आणि घड्याळाकडे बघत राहिली. फिट थांबेना. शेवटी तिने हाक दिली तशी केळीची पिकअप आली, आणि गाडी जळगावच्या रस्त्याला लागली. नाना पोराचा पाय धरून सारखं म्हणत होते, “मना पोऱ्या, मना पोऱ्या.” इकडे महाराजांची व्हॅन निघू बघत होती, पण एस.टी.च्या ड्रायव्हरने आपली गाडी बरोबर तिच्यापुढे आडवी लावली आणि पोलीस येईपर्यंत तिथेच भरीत खात बसला. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे हे त्याला ठाऊक होतं.

जळगावच्या दवाखान्यात इंजेक्शननंतर झटके थांबले. संध्याकाळपर्यंत हितेंद्रने डोळे उघडून पाणी मागितलं. त्याच्यावर आधीपासून उपचार करणाऱ्या डॉ. निलोफर पिंजारींनी विचारलं, “गोळ्या कोणी बंद केल्या?”

“मी,” नाना म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “बाई, तुमचं यंत्र खरं शे ना? त्याच्यात याला मिरगी का होते ते दिसेल?”

“यंत्र खरं आहे. व्रण किंवा गाठ असली तर दिसू शकेल. काही दिसलं नाही तरी मिरगी असू शकते. याला का होते, ते मला माहीत नाही. गोळ्यांनी आवरते, हे मात्र इतक्या वर्षांत तपासून बघितलंय. तुम्हीही बघितलंय.”

नानांनी लेकीकडे पाहिलं. “अन् तुले?”

“मलाही माहीत नाही, नाना. तेच तर शोधतोय आम्ही.”

बाहेर व्हरांड्यात गावातली माणसं जमली होती. भिकनही होता. आता त्याला थट्टा सुचत नव्हती. त्याने विचारलं, “नाना, मंग आते इस्वास तरी कोनवर ठेवाना?”

“ज्याले बठ्ठं, सगळंच्या सगळं माहीत शे, त्यानावर नही,” नाना म्हणाले. “बाबा येवो, डॉक्टर येवो, नाहीतर मनी आंडेर कामिनी येवो. त्याले विचारानं, तुले हाई कसं समजनं? तू चुकना तर आमले कसं समजी? खताना दुकानदारले मी इतलं विचारस. बाबाले शिव्या दीसन काय व्हई, भिकन? गोळ्यासले कुलूप मी लावं. इचार करानं काम मनं व्हतं, ते मी त्याले दी टाकं.”