मेहेरांच्या फियाटची बोली

विनोद मेहेरची फियाट त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी होती आणि तिची तब्येत त्याच्यापेक्षा बरी होती. कारण सरळ होतं. गेल्या सात वर्षांत मसोलीतल्या त्याच्या घरात जे काही चांगलंचुंगलं आलं, ते आधी गाडीला विचारून आलं. ज्या वर्षी त्याच्या बायकोला, कल्पिताला, नवीन फ्रीज हवा होता, त्या वर्षी गाडीला नवीन इंजिन आलं. कल्पिताने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. फक्त कोणी पाहुणा आला आणि त्याने थंड पाणी मागितलं, की ती म्हणायची, "बोनेट उघडून बघा, तिथे असेल."

दोघांचा धंदा होड्यांना बर्फ पुरवण्याचा. टेम्पो कल्पिता चालवायची, कारण विनोदला फियाटशिवाय दुसऱ्या गाडीत बसलं की उगाच परक्या घरी जेवायला बसल्यासारखं व्हायचं.

आता येत्या रविवारी तलासरीहून दमणपर्यंत जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती. भरवणाऱ्या मंडळाने छापील नियम काढले होते. विम्यात किमान तीन लाख किंमत धरलेली गाडी 'अभिजात' गटात, थेट बँडच्या मागे. त्याखालच्या सगळ्या 'इतर वाहने' गटात, पाण्याचा टँकर आणि ॲम्ब्युलन्स यांच्या मध्ये. विम्याचा कागद शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाहिजे. आणि विनोदने चिंचणीपासून डहाणूपर्यंत, ज्याने विचारलं त्याला आणि ज्याने नाही विचारलं त्यालाही, आपण बँडच्या मागे असणार हे सांगून ठेवलं होतं. सासुरवाडीची एक अख्खी रिक्षा भरून माणसं तलासरी नाक्यावर उभी राहणार होती. टँकरच्या मागून त्यांना हात कसा करायचा, या विचाराने त्याला दोन रात्री झोप नव्हती.

म्हणून शुक्रवारी दुपारी उधव्याला, तुक्याच्या गॅरेजमध्ये, विम्याची सर्व्हेअर गाडी बघायला येणार होती तेव्हा विनोद सकाळी नऊपासूनच तिथे हजर होता. तुक्याने शेवटचे नटबोल्ट आवळले होते. कल्पिता आली होती. चिमणकाका आले होते, कारण गाडीचं निम्मं काम त्यांच्या हातचं. आणि चुलतभाऊ जतीन आला होता, कारण त्याला दुसरं काही काम नव्हतं, असं तो म्हणाला. त्याच्या दोन ट्रॉलर होत्या आणि मोसम भरात होता.

फियाटचं असं झालं होतं की समुद्राच्या हवेने तिचा तळ खाऊन टाकला होता. ब्रेक दाबायला पाय पुढे केला की खाली रस्ता दिसायचा. चिमणकाकांनी पन्नास वर्षं चिंचणीला होड्या बांधल्या. त्यांनी तो पत्रा काढून फेकला आणि होडीला बसवतात तशी सागाची तळी बसवली, सांध्यांत कापूस आणि राळ ठासून. मागची सीट काढून बाक केलं. मग वरून होडीचाच रंग दिला, पोपटी, मध्ये पिवळा पट्टा. आरटीओत हे सगळं नोंदवायला विनोदने इतक्या खेपा मारल्या होत्या की तिथला शिपाई त्याला नव्या माणसांना रांग दाखवायला सांगायचा.

सर्व्हेअर वापीहून स्कूटरवर आली. तिचं नाव किंजल. अठ्ठावीस-तिशीची, डोक्यावर हेल्मेट, काखेत टॅबलेट. तिने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकली, तळीवर बोटाने टकटक केलं आणि काही वेळ तशीच वाकून राहिली.

"विनोदभाई, हे लाकूड आहे."

"साग आहे," चिमणकाका म्हणाले. "ही गाडी रस्त्याला लागेल तर लागेल, पण बुडायची नाही."

किंजलने फॉर्म उघडला. मूळ स्थितीतल्या अशा गाडीला अडीच लाख, तिथून सुरुवात. मूळ इंजिन नाही, वजा. मूळ तळ नाही, वजा. मूळ रंग, मूळ सीट, वजा, वजा, आणि तशाच आणखी सहा. विनोद प्रत्येक 'वजा'ला एकेक बोट मिटत गेला आणि शेवटी दोन्ही मुठी वळून उभा राहिला.

"चाळीस हजार येतात," ती म्हणाली. "आणखी दोन सुधारणा केल्या असत्या तर तुम्हालाच कंपनीला द्यायला लागले असते."

"म्हणजे सडका पत्रा तसाच ठेवला असता तर किंमत जास्त?"

"हो."

"आणि पाय रस्त्याला घासले असते त्याचं काय?"

"पाय या पॉलिसीत येत नाहीत."

पण किंजल वाईट नव्हती. तिने पुन्हा एकदा आत डोकावून बाकाच्या कडेवरून तळवा फिरवला आणि म्हणाली, "बघा, फॉर्म अशा गाडीसाठी बनलेलाच नाही, मला दिसतंय. एक रकाना आहे, बाजारभावाचा. अशीच दुसरी गाडी कुठे विकली गेली असेल तर तो भाव लिहिते."

"अशी दुसरी नाही," चिमणकाका म्हणाले. त्यांना ही तक्रार वाटलीच नाही.

"मग कोणीतरी खरंखुरं घ्यायला तयार पाहिजे. मालकाने स्वतः सांगितलेली किंमत चालत नाही. तोपर्यंत मी चाळीस धरते."

चिमणकाकांनी मान वर केली. "चाळीसला घेतेस, पोरी?"

"मी कशी घेऊ, काका? नोकरी जाईल."

"मग बोललीस कशाला?"

इथे मेहेरांच्या घरचा एक नियम सांगायला हवा. त्यांच्याकडे होडी, जाळं, एकदा तर विहिरीवरचा पंपसुद्धा याच नियमाने वाटला गेला होता. वस्तू मधे ठेवून जो किंमत बोलेल, त्याने त्या किमतीला ती घ्यायला तयार राहायचं. दुसऱ्याला हवी असेल तर त्याने वर चढायचं. मालकाला सोडायची नसेल तर त्यानेही चढायचं. ज्याच्यावर कोणी चढलं नाही, वस्तू त्याची, मग रडायचं नाही. त्यामुळे त्या घरात कोणी सहज म्हणूनही कशाची किंमत बोलत नसे. आणि हा नियम सांभाळणारे, घरात सगळ्यांत मोठे, म्हणून चिमणकाका.

"चाळीसला मी घेतो," जतीन म्हणाला.

तुक्याने हातातला पाना खाली ठेवला.

"जतीन, गंमत नको," विनोद म्हणाला.

"गंमत कुठे, दादा? काका, बोललो ना मी?"

"बोललास," काका म्हणाले आणि टायरवर नीट मांडी घालून बसले.

सात वर्षांपूर्वी डहाणूच्या एका चिकूवाडीच्या मालकाने ही फियाट विकायला काढली, तेव्हा विनोद तिथे पोचला अर्धा तास आधी. जतीनची बाइक वाणगावला पंक्चर झाली होती. त्या दिवशी जतीन म्हणाला होता की आपल्याला जुन्या गाड्यांत रस नाही. त्यानंतर दर महिन्याला, कोणी विचारलेलं नसताना, तो हेच सांगायचा.

विनोदला आधी राग आला. मग त्याची नजर किंजलच्या टॅबलेटवर गेली. घ्यायला तयार असलेला माणूस समोर उभा होता.

"इसार दिला तर ऑफर खरी धरीन," किंजल म्हणाली. तिला आता घाई नव्हती. तिने स्कूटरच्या सीटवर बूड टेकलं.

जतीनने फोन काढला. विनोदच्या खिशात फोन वाजला. एक हजार एक रुपये आले होते.

"साठ," विनोद म्हणाला.

"एक लाख."

"सव्वा."

"दीड. काय दादा, टिकल्या लावल्यासारखा चढतोस."

रस्त्यावर एक वडाप जीप थांबली. आतल्या बायांनी काय चाललंय विचारलं, कोणीतरी गाडी विकतायत म्हणून सांगितलं, आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. तुक्याने कंप्रेसर बंद केला. दोन लाखांना विनोदने बाह्या वर सारल्या. सव्वादोनला त्याला जाणवलं की हे असं काही आपल्याला हवंच होतं, फक्त माहीत नव्हतं. जतीनही पालथ्या हाताने मान पुसत होता आणि त्याचे डोळे चमकत होते.

"दोन साठ," जतीन म्हणाला आणि गप्प झाला.

"लिहू?" किंजलने हळूच विचारलं. "तुमचं बोलणं मला धरता येत नाही, विनोदभाई. ऑफर यांचीच धरणार."

विनोदने हिशेब केला. तो चढला आणि जतीन गप्प राहिला, तर गाडी राहील पण किंमत दोन साठवर थांबेल. म्हणजे टँकर. नाही चढला, तर गाडीच गेली. तीन लाख पाहिजेत, तेही जतीनच्या तोंडून, आणि तो तर पाण्याची बाटली उघडून बसला होता.

"विन्या," काका म्हणाले, "चढतोस की सोडतोस?"

"दोन सत्तर," विनोद म्हणाला आणि मुद्दाम गाडीकडे तोंड करून पुढे म्हणाला, "जतीन, तू जा आता. उशीर होईल. वाणगावला पंक्चरवाला पाचला बंद करतो."

जीपमधली एक बाई हसली. तिला वाणगावचं काही माहीत नव्हतं, पण जतीनचा चेहरा तिला दिसत होता.

"तीन," जतीन म्हणाला.

किंजलचं बोट टॅबलेटवर पडायच्या आत विनोद म्हणाला, "तीन लाख एक." एक रुपया की एक हजार हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. त्याला बँड ऐकू येत होता.

"साडेतीन," जतीन म्हणाला.

बँड थांबला. विनोदने तोंड उघडलं, पण त्यातून आवाज येईना. विम्याचा हप्ता किमतीबरोबर चढतो हे त्याला माहीत होतं. जतीन खरंच थांबणार नाही हेही आता त्याला कळलं होतं. सात वर्षं वाट बघितलेला माणूस होता तो.

"विन्या," काका म्हणाले. त्यांनी एक हात वर केला होता. तो खाली आला की संपलं.

"चार," कल्पिता म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती गाडीला टेकून उभी होती, पर्स काखेला, आवाज नेहमीचाच.

"वहिनी," जतीन म्हणाला. तो पोपटी बोनेटकडे बघत राहिला, काहीतरी मोजत होता आणि ते पैसे नव्हते. मग त्याने मान हलवली. "जाऊ दे. पण तीन लाखांत सोडली असं कोणी म्हणायचं नाही. साडेतीन बोललो मी."

"साडेतीन लिहिलंय," किंजल म्हणाली. "भाभींचे चार धरता येत नाहीत, त्या मालकाच्या बायको. मान्य किंमत साडेतीन लाख. विनोदभाई, इथे बोटाने सही करा."

विनोदने बोट टेकवलं, सही कोळ्याच्या जाळ्यासारखी उमटली. साडेतीन लाख. जीपमधल्या बायांनी टाळ्या वाजवल्या आणि जीप निघाली. तुक्याने लिंबूसरबत मागवलं. विनोदने जतीनला एक हजार एक परत पाठवले, मग मिठी मारली, आणि जतीनने ती थोडा वेळ चालू दिली.

"चार लाखांचं कसं करायचं?" काकांनी विचारलं.

"काका, गाडी माझी, बायको माझी. कोणाला द्यायचे?"

"गाडी तुझी कशी? चढलं कोण?" काकांनी हा प्रश्न अगदी शांतपणे विचारला, जसं एखाद्याला त्याचं आडनाव विचारावं. "तू गप्प होतास. ती बोलली. तिच्यावर कोणी चढलं नाही."

"आरसीवर माझं नाव आहे."

"आरसी आरटीओची. मी घरातलं सांगतोय."

विनोदने कल्पिताकडे पाहिलं. तिने हात पुढे केला होता, चावीसाठी. पन्नास वर्षं होड्या बांधणारा माणूस, दोन ट्रॉलरचा मालक, तुक्या आणि स्कूटर सुरू करायची विसरलेली सर्व्हेअर, सगळे बघत होते. त्याने चावी दिली.

"रविवारी बँडच्या मागे ना?" ती ड्रायव्हरच्या सीटवर बसता बसता म्हणाली.

"बँडच्या मागे," विनोद म्हणाला. साडेतीन लाखांची गाडी, बँडच्या मागे. त्याला अजून हसू आवरत नव्हतं. तो पलीकडून पुढचं दार उघडायला गेला.

"पुढे काकांना बसू द्या," कल्पिता म्हणाली. "तुम्ही मागे."

मागच्या बाकावर जतीन आधीच बसला होता. तो सरकला, पण फार नाही.