एक टिचकी की दोन

मास्तरांचा एक ठरलेला डाव होता. सुनेशी भांडण ऐन रंगात आलं की शेवटचा घाव घालायचा आणि सरळ आंघोळीला निघून जायचं. तिचं उत्तर आल्यावर सावकाश वाचायचं. त्या सकाळीही त्यांनी तेच केलं. "संस्थेच्या बाईंना कोणी बोलावलंय ते मला कळत नाही असं समजू नकोस! तूच बोलावलंस. मला घराबाहेर काढायचंय तुला!" एवढं बोलून ते टॉवेल खांद्यावर टाकून गेले. परत आले ते डोकं पुसत, जिंकल्याच्या तोऱ्यात. खुर्चीवर बसले, पट्टीवर बोटं ठेवली, तर बोटांखाली काहीच नाही. पट्टी नुसती सपाट.

"हात्तिच्या! उत्तर सुचेना म्हणून मशीनच बंद पाडलंस होय गं?" मास्तर गरजले.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल हा म्हातारा भिंतीशी बोलतोय. शेजाऱ्यांना तसंच वाटायचं. मास्तर जन्मांध. अंधशाळेत मुलांना ब्रेल शिकवण्यात हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर कानांनीही दगा दिला. तेव्हापासून जगातलं जे काही त्यांच्यापर्यंत पोचायचं ते फोनला जोडलेल्या त्या वीतभर ब्रेल-पट्टीतून. फोनवर निरोप आला की पट्टीवर बारीक ठिपके वर यायचे आणि ते बोटांनी वाचायचे. सून समोरच बसून आपल्या फोनवरून टाइप करायची, मास्तर तोंडाने उत्तर द्यायचे, तेही घर डोक्यावर घेऊन, कारण स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता. दोघांत विस्तव जात नव्हता. खुर्ची का हलवली, चहा गार का, दार का आपटलं, कशावरूनही जुंपायची आणि दुपारच्या जेवणापर्यंत चालायची.

चिरंजीव मात्र गरीब गाय. ते कधी भांडायचे नाहीत. घरात शांतता हवी, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि आज दुपारी त्या संस्थेच्या बाई यायच्या होत्या, वृद्धांना ठेवून घेणाऱ्या. मास्तरांना विचारलेलं कळतं का आणि स्वतःचं म्हणणं सांगता येतं का, एवढंच त्या बघणार होत्या. सांगता आलं, तर त्यांच्या मर्जीविरुद्ध त्यांना कोणी हलवू शकणार नव्हतं. नाही आलं, तर मुलाच्या सहीवर काम भागणार होतं. बोलता मास्तरांना येत होतं, पण प्रश्नच कळला नाही तर उत्तर कसलं देणार, कप्पाळ! बाईंनी विचारायचं नाव आणि यांनी सांगायचं खुर्चीचं गाऱ्हाणं, की झालंच.

म्हणून मास्तर घाबरले. घाबरले की ते जास्त ओरडायचे.

"सूनबाई! इकडे ये आधी!"

तळपायाला फरशीची थरथर जाणवली. आली, पाय आपटत. पट्टी बंद असेल तेव्हासाठी त्यांच्यात एक सोय होती. तळहातावर अक्षरं गिरवून उपयोग नव्हता, डोळसांची अक्षरं मास्तरांना ठाऊक नव्हती. आणि ब्रेल शिकवतो म्हणाले तेव्हा तिने, "तुमच्या वर्गात बसू? त्यापेक्षा मी विहीर जवळ करीन," असं टाइप करून विषय मिटवला होता. तेव्हा मनगटावर टिचकी. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"तू बंद पाडलंस?"

दोन टिचक्या. सणसणीत.

"खोटारडी!"

पुन्हा दोन. मास्तरांनी मनगट चोळलं.

पट्टीचं बटण दाबल्यावर ती हातात थरथरत होती, म्हणजे तिच्यात जीव होता. मग दोष फोनमध्ये. फोनमध्ये एक वाचक असतो, स्क्रीन रीडर म्हणतात त्याला, पडद्यावरचं सगळं तो मोठ्याने वाचतो आणि तेच पट्टीवर पाठवतो. तो बंद पडला तर आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली की चालू होतो. मास्तरांनी ते सगळ्यात आधी करून पाहिलं होतं. दाबलं, थांबले, पुन्हा दाबलं. पट्टी ढिम्म. तेव्हा वाचकाचा यात काही संबंध नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. मास्तरांनी एकदा ठरवलं की ठरवलं.

"माझ्या फोनचं ब्लूटूथ उघड. पट्टीचं नाव दिसतंय?"

एक.

"जोडलेली आहे असं लिहिलंय?"

एक.

"नीट बघ, डोळे दिलेत ना देवाने! मला नाही दिले, तुला दिलेत!"

एक, आणि ती अशी की मास्तरांच्या तोंडून 'आई गं' निघालं. त्यांनी जोडणी तोडून पुन्हा करायला लावली. काही नाही. फोन बंद करून चालू करायला लावला. तरी काही नाही. वायर लावली. पट्टी थरथरली आणि पुन्हा सपाट. मास्तरांनी पट्टीला, फोनला, ती बनवणाऱ्यांना आणि सुनेच्या माहेरच्या सगळ्यांना शिव्या घातल्या. ती मध्येच उठून गेली. स्वयंपाकघरात भांडी आदळल्याची थरथर टेबलापर्यंत आली. मास्तर एकटेच बसले, सपाट पट्टीवर बोटं ठेवून, आणि त्यांच्या मनात आलं की संस्थेत गेल्यावर हे रोजचंच होईल. पट्टी बिघडेल आणि कोणी ढुंकून बघणार नाही.

फरशी पुन्हा थरथरली. परत आली होती. भांडण अर्धवट टाकून जाणाऱ्यातली ती नव्हती.

"माझ्या फोनवरचा निरोप उघड," मास्तर जरा खालच्या सुरात म्हणाले. "सकाळचा तुझा. आलाय का तरी बघू."

लगेच एक टिचकी.

"इतक्यात?" मास्तरांनी मान वर केली. "थांब. उघडायला बोट एकदाच टेकवलंस?"

एक.

"एकदाच? दोनदा टेकवावं लागलं का?"

दोन. म्हणजे नाही.

वाचक चालू असला की एका स्पर्शाला फोन उघडत नाही, फक्त नाव वाचतो. उघडायला दुसऱ्यांदा टेकवावं लागतं. शाळेत पहिल्याच दिवशी ते मुलांना हे शिकवायचे. सुनेला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं, ती त्यांच्या फोनला हात लावत नसे. दुसऱ्या कुठल्याही घरात फोन गप्प झालेला कळला असता, पण इथे वाचकाचा आवाज तिने केव्हाच शून्यावर नेऊन ठेवला होता. "ऐकणारा बहिरा आणि शिक्षा मला," असं तेव्हा तिने टाइप केलं होतं, आणि त्यावरूनही दोन दिवस जुंपली होती.

"वाचक बंद आहे," मास्तर म्हणाले. "मग बटणं दाबून चालू का झाला नाही? सेटिंगमध्ये जा. मी सांगतो तसं."

सगळा रस्ता त्यांना पाठ होता. एकेक पायरी सांगत गेले, एकेक टिचकी येत गेली.

"वाचक बंद दिसतोय?"

एक.

"खाली आवाजाच्या बटणांचा शॉर्टकट आहे. तोही बंद?"

या वेळी टिचकी यायला वेळ लागला. पण आली. एक.

वाचक चुकून बंद होऊ शकतो. खिशातसुद्धा होतो. पण तो शॉर्टकट आपोआप बंद होत नाही. तिथे कोणीतरी मुद्दाम जावं लागतं, आत, अगदी आत. आणि जाणाऱ्याला ती जागा माहीत असावी लागते. ती जागा घरात दोघांना माहीत होती, एक मास्तर, आणि दुसरा ज्याने हौसेने फोन आणून तो लावून दिला होता तो.

"मी केलं का गं हे? चुकून?"

दोन.

"तू?"

दोन. पण हळू.

"मी आंघोळीला गेल्यावर तो होता इथे?"

एक.

"मग त्याने केलं?"

सुनेचं बोट मनगटावर टेकलं आणि तसंच राहिलं. उचललं नाही.

"अगं, एक की दोन? हाताला लकवा भरला का तुझ्या? सकाळपासून तर हात मोडेस्तोवर मारते आहेस!"

बोट हललं नाही. मास्तरांनाही मग पुढे विचारवेना.

तिने त्यांचा हात हातातून सोडला आणि वाचक चालू केला. थोड्या वेळाने पट्टी थरथरली आणि बोटांखाली ठिपके भराभर उभे राहिले. सकाळचा निरोप होता, त्यांनी न वाचलेला. "तुम्हाला घालवायचं असतं तर मी स्वतः दंडाला धरून नेऊन सोडलं असतं, आणि तसं तोंडावर सांगितलं असतं. पाठीमागून फोन करायची मला सवय नाही. खुर्ची मी हलवली, ती फरशी पुसायला. आणि पुन्हा हलवणार."

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. काहीतरी झणझणीत बोलणार, तेवढ्यात नवी ओळ आली. "आले दोघं. शर्टाचं वरचं बटण लावा, बावळट दिसताय."

दाढीनंतरच्या लोशनचा वास आला. चिरंजीव टेबलाच्या पलीकडे बसले. त्यांच्या शेजारी कोणीतरी बसलं, टेबल जरा हललं. आणि सून शांतपणे, शब्द न गाळता, टाइप करत सुटली.

"तुमचा मुलगा बाईंना सांगतोय, बाबांना आता काही कळत नाही. नुसते ओरडतात. आपण काय विचारतो तेही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. बाई बिचाऱ्या मान हलवतायत."

"ओरडतो, कारण मला माझा आवाज ऐकू येत नाही," मास्तर म्हणाले. "बाकी सगळं पोचतं. बसा बाई. विचारा."

टेबल पुन्हा हललं. हे चिरंजीव असणार.

"मुलाचा चेहरा उतरला. बाई विचारतायत, इथे तुमची आबाळ होते का?"

"होते! चहा गार मिळतो. खुर्ची हलवली जाते. ही माझी सून दिवसभर माझ्याशी भांडते, एक शब्द खाली पडू देत नाही."

"विचारतायत, आणि मुलगा?"

"तो भांडत नाही. तो काहीच टाइप करत नाही."

ठिपके पुन्हा उभे राहिले. "तो म्हणतोय, सकाळी मशीन बिघडलं होतं. त्याला वाटलं आता तुमच्याशी बोलता येणारच नाही. तुमच्या भल्यासाठीच सगळं."

मास्तरांनी उजवा हात पट्टीवर ठेवला आणि डावं मनगट टेबलावरून पुढे केलं, लोशनचा वास येत होता तिकडे.

"बिघडलं होतं, की तू बंद केलंस? केलंस तर एक. नाहीतर दोन. येतं ना तुला हे? की तेही बायकोला विचारायचं?"

कोणी हात लावला नाही. मास्तरांनी मनगट मागे घेतलं नाही. पट्टीवरही काही येईना. सूनसुद्धा थांबली होती. मास्तरांना एकदम वाटलं की दोन याव्यात. खोट्या असल्या तरी चालतील. बाईंसमोर दोन याव्यात आणि आपण 'बरं' म्हणावं.

एक आली. गार बोटाची, लागेल न लागेल अशी.

मास्तरांनी हात हळूच ओढून घेतला. सुनेने मारून मारून मनगट सुजवलं होतं, पण ते चोळायचंही त्यांना सुचलं नाही.

"लिहून घ्या बाई," ते म्हणाले. "मी इथेच राहणार." आणि त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका बारीक आला असावा, कारण लगेच बोटांखाली ठिपके उभे राहिले.

"मोठ्याने बोला. बाईंना ऐकू नाही आलं."