मरणाची खोटी खबर

नाव राजकुमार, पण राज्य म्हणाल तर धामणगाव बढे इथल्या घरावरची पत्र्याची एक खोली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. त्या खोलीत बसून हा माणूस गेली कित्येक वर्षं गोष्टी लिहीत होता. त्याला ना प्रकाशक होता ना कुठलं वर्तमानपत्र. मोबाइलवर गोष्टी वाचायचं एक अ‍ॅप आहे, तिथे त्याची 'सूनबाईचं चुकलं कुठं' ही मालिका चालायची. रोज संध्याकाळी एक भाग. बाया तो स्वयंपाकाला लागायच्या आधी वाचत, त्यामुळे उशीर खपत नसे. जरा वेळ टळली की कालच्या भागाखाली ओरड सुरू व्हायची, लेखक झोपले का म्हणून.

पूनम, त्याची बायको, मोताळ्याच्या शाळेत शिकवायची. ती सकाळच्या बसला गेली की हा भांडी विसळायचा, खोली झाडायचा आणि लिहायला बसायचा. बसला म्हणजे लिहू लागला असं नव्हे. आधी कालच्या भागाखालचे अभिप्राय वाचायचे, त्यावर रुसायचं, मग एक वाक्य लिहायचं आणि पुसायचं. दुपारी दळणाचा डबा उचलून तो गिरणीवर जायचा. दळणाचं काम त्यानं हट्टानं आपल्याकडे ठेवलं होतं. नंबर लागेपर्यंत गिरणीवर बाया बोलतात, आणि पट्ट्याच्या आवाजात त्यांना मोठ्यानं बोलावं लागतं. कुणाची सून माहेरी का बसली, कुणाच्या दिरानं बांध कसा कोरला, सगळं पिठासोबत घरी यायचं आणि संध्याकाळी नाव बदलून अ‍ॅपवर जायचं.

पुढे बायाही शहाण्या झाल्या. राजकुमार डबा घेऊन दिसला की त्या ऊन किती तापलं यावर बोलू लागत. चहाच्या टपरीवरही तेच. तो बाकड्यावर टेकला की माणसं चहा लवकर संपवत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? या उन्हाळ्यात तर पार तळ लागला होता. मालिकेतल्या सुनेला त्यानं दोनदा विष घातलं, तीन सासवा मारल्या, एक मेलेला दीर जिवंत करून आणला. तो थकला होता. सकाळी उठल्या उठल्या आजचा भाग आठवायचा आणि पुन्हा पांघरूण ओढून घ्यावंसं वाटायचं.

त्याच्या लिहिण्यात चांगले म्हणावेत असे दिवस एकदाच आले होते, आणि ते त्याला महागात पडले. अनुपमा, त्याची धाकटी बहीण, नाशिकला दिलेली. तिचा नवरा चहासाखरेच्या डब्यांना कुलूप लावून कामावर जायचा. एका संध्याकाळी तिनं फोनवर रडत रडत हे दादाला सांगितलं. दादानं धीर दिला, तोही मनापासून दिला. पण महिन्याच्या आत मालिकेतल्या नवऱ्यानं चहाच्या डब्याला कुलूप घातलं. नावं बदलली होती, गाव बदललं होतं, कुलूप मात्र तसंच होतं. वाचक वेडे झाले. अनुपमाच्या नणंदेनंही ते वाचलं, आणि आपल्या घरातलं कुलूप तिनं बरोबर ओळखलं. तिथे मग काय झालं ते अनुपमानं दादाला सांगितलं नाही. "तुले सांगतलं म्हणजे गावाले सांगतलं," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती फक्त आईच्या फोनवर आईशी बोलायची. हा शेजारी बसलेला असला तरी त्याची चौकशी करत नसे. तो रोज तिच्या आवाजाचा पलीकडचा पुसट तुकडा ऐकायचा आणि जिना चढून वर जायचा.

तर वैशाखातली गोष्ट. पुष्पाबाई, राजकुमारची आई, धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, मुगाच्या वड्या घालत होती. एक कावळा आला आणि वड्या सोडून तिच्या डोक्यावर बसला. चांगला ऐसपैस बसला, आणि मग उडाला. म्हातारी हे गिळून गेली असती. पण शेजारच्या धाब्यावरून सत्यभामाबाईंनी पाहिलं, आणि सत्यभामाबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्या तशाच खाली उतरून आल्या. डोक्यावर कावळा बसला म्हणजे ते माणूस फार दिवसांचं नाही, हे आपल्याकडे लहान पोरही सांगेल. त्यावर तोडही ठरलेली आहे. ते माणूस मेल्याची खोटी खबर दूरच्या रक्ताच्या माणसाला पाठवायची. ते माणूस खरंखुरं रडलं की मरण टळतं. मग खरं काय ते सांगून टाकायचं.

दूरचं रक्ताचं माणूस म्हणजे अनुपमा. पूनम शाळेत गेलेली. खबर देणारा घरात एकच होता, आणि तो वर बसून रिकाम्या पडद्याकडे पाहत होता.

खाली बोलावल्यावर राजकुमारनं आधी टाळाटाळ केली. हे सगळं थोतांड आहे म्हणाला, भाग राहिलाय म्हणाला. आईनं आपल्या पुढ्यातलं ताट सरकवून दिलं. जन्मात कशाला न भ्यालेली बाई भ्याली होती.

"अवघ्या दुनियेच्या बाया मारतं तू त्या मोबाइलात," ती म्हणाली, "सोताच्या मायले येक डाव मारता येत नाही?"

त्यानं लिहायला घेतलं. हात सरावाचा, त्यामुळे आधी भरपूर आलं. पहाटेची वेळ, तुळशीपुढचा दिवा, ओठांवर लेकीचं नाव. आईनं ते वाचून घेतलं आणि मान हलवली. हे तर तुझ्या सूनबाईसारखं झालं, अनु ओळखते, असं तिचं म्हणणं पडलं. सत्यभामाबाईंना मात्र आवडलं होतं. त्यांनी डोळेही पुसले, पण त्या रक्ताच्या नव्हत्या. मग राजकुमारनं सगळं पुसलं आणि लिहिलं, 'अनु, आई गेली. सकाळी.' एवढ्या तीन-चार शब्दांना त्याला जेवढा वेळ लागला तेवढा आख्ख्या भागाला लागत नसे. ते पाठवताना त्याला खात्री होती की तिला हे खरं वाटणार नाही. रोज मरे त्याला कोण रडे. ज्यानं डझनावारी बाया मारल्या त्याचं कोण ऐकणार?

थोड्या वेळानं आईचा फोन वाजला. अनुपमाच होती. खात्री करून घ्यायला तिनं भावाला नाही, आईला फोन लावला होता. सवयीनं पुष्पाबाईचा हात फोनकडे गेला. सत्यभामाबाईंनी तो मधेच धरला. "मेलेलं माणूस फोन उचलत नसते वं," त्या कुजबुजल्या, आणि फोन राजकुमारच्या हातात कोंबला.

त्यानं हॅलो म्हटलं.

आईचा फोन, आणि आवाज दादाचा. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. अनुपमाला दुसरा पुरावा लागला नाही. ती "दादा" म्हणाली. मग ती रडायला लागली. राजकुमारनं आजवर शेकडो बाया रडवल्या होत्या. त्या हंबरडा फोडत, भिंतीवर डोकं आपटत. ही तशी रडली नाही. मधेच थांबून तिनं बारीक आवाजात विचारलं, "सकाळचा चहा तरी घेतला होता का रे तिनं?"

राजकुमारच्या अंगावर काटा आला. बहिणीचं दुःख ऐकून आला असं म्हणायला मला आवडलं असतं. पण त्याच क्षणी त्याला कळलं होतं की असं वाक्य आपल्याला सात जन्मांत सुचलं नसतं. समोरून आई खुणा करत होती, झालं, पुरे, सांग तिले. त्यानं तिच्याकडे पाहत एक बोट वर केलं. थांब म्हणून. अनुपमा रडत राहिली. हा कान लावून ऐकत राहिला, श्वास कुठे अडकतो, कुठला शब्द अर्धा राहतो ते. वाळलेल्या विहिरीला पाझर फुटावा तसं झालं त्याला. आजचा भाग डोक्यात पहिल्या ओळीपासून तयार उभा होता.

आईनंच फोन ओढून घेतला. "अनु, मी हावो ना वं जिती," ती म्हणाली, आणि कावळ्याची सगळी हकिगत सांगितली. पलीकडून आधी शिव्या, मग रडतरडत हसणं. पुष्पाबाईचा चेहरा मोकळा झाला. तिनं सरकवलेलं ताट पुन्हा पुढ्यात घेतलं. सत्यभामाबाई समाधानानं घरी गेल्या.

"दादाले दे," अनुपमा म्हणाली.

राजकुमारनं फोन घेतला. माफी मागायची की कावळ्यावर सगळं ढकलायचं, हे त्याचं ठरत नव्हतं. तिनं त्याला बोलूच दिलं नाही.

"दादा, मले राग नाही आला. तू फोन उचलला हे बरंच झालं. मी आता तुह्यासंगही बोलत जाईन," ती म्हणाली. तिचा आवाज अजून ओला होता. "फकत हे लिहू नको."

"नाही लिहीत."

"माहं रडणं लिहू नको. चहाचं त बिलकूल नको."

मघाशी मनात मांडलेली ओळ अजून तिथेच होती, आणि ती चहाचीच होती.

"आईची शपथ घे," अनुपमा म्हणाली.

त्यानं आईकडे पाहिलं. ती भाकरीचा घास मोडून वरणात बुडवत होती. तिच्या विस्कटलेल्या केसांत कावळ्याच्या पायाचा ओरखडा लाल दिसत होता. एवढ्या खटाटोपानं नुकतीच मरणाच्या दारातून परत आणलेली बाई, तिच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलायची हिंमत कुणाची होणार? तरीही त्याला ती ओळ सोडवेना. फोनवर बहीण वाट पाहत होती. आईनं घास थांबवून वर पाहिलं, आणि तिला सगळं समजलं असावं.

"घे ना बाप्पा शपथ," ती हळूच म्हणाली.

त्यानं घेतली. चहाची ओळ गेली, आजचा भाग पुन्हा कोरा झाला. बहीण परत मिळाली होती, पण त्याचा आनंद व्हायला त्याला बराच वेळ लागला.