गार फुंकर आणि तापाचा चौथा दिवस

पॅकिंग हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शर्टांचे खोके भिंतीकडे सरकवून मधोमध गादी टाकली होती. गादीवर फुंकरबाबा, आणि समोर शिलाईवाल्या बायका, इस्त्रीवाले, हमाल अशी शंभरेक माणसं रांगेत. बाबा ओल्या फडक्यानं एकेकाचं कपाळ पुसायचे, डोळे मिटायचे आणि फू करून फुंकर घालायचे.

"अगं बाई, बर्फासारखी गार!" कपाळ धरून एकजण किंचाळली.

"हा श्वास आमचा नाही, बेटी," बाबा म्हणाले. "तो हिमशिखरावरून येतो. आम्ही नुसती खिडकी."

मला तरी त्या खिडकीचे किडके दात तेवढे दिसले.

मी या कारखान्यातला कटिंग मास्तर. पंधरा दिवस तापाची साथ होती आणि निम्मी मशीनं रिकामी पडली होती. आजारी माणसांना रजा देण्याऐवजी मॅनेजरसाहेबांनी बाबाच आणून बसवला. दारावर पाटी लावली होती: 'तापाचा चौथा दिवस लागल्याशिवाय येऊ नये. श्रद्धेत खोट असल्यास गुण येणार नाही.' आणि गंमत अशी, की फुंकर घेतलेली माणसं खरंच दोन-तीन दिवसांत कामावर यायची.

माझे भाऊजी मात्र उठेनात. ताई काजं करायच्या मशीनवर, भाऊजी इस्त्री विभागात. त्यांचा ताप नवव्या दिवशीही हटला नव्हता. तीन वेळा फुंकर झाली. तिसऱ्यांदा बाबा म्हणाले, "तुझ्या मनात शंका आहे. तापाच्या गोळ्या बंद कर." भाऊजींनी बंद केल्या. आता दोन पायऱ्या चढले तरी त्यांना धाप लागायची.

"ताई, यांना दवाखान्यात ने."

"तुला मेलं सगळंच खोटं वाटतं! एवढी माणसं बरी झाली, मग हेच का नाही? यांच्याच मनात खोट असणार."

भाऊजी खाली मान घालून ऐकत होते. बाबानं काय साधलं होतं बघा: रोगी माणूस आरोपी झाला होता, तोही स्वतःच्या बायकोसमोर. माझं डोकंच फिरलं. जेवणाच्या सुट्टीत मी समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना घेऊन आलो.

भाऊजी चौथ्या फुंकरीसाठी खोक्यांना टेकून बसले होते. बाईंनी त्यांचे निळसर ओठ पाहिले, छातीला नळी लावली आणि उठल्याच. "न्यूमोनिया आहे. गाडी बोलवा, आत्ताच्या आत्ता."

ताईनं बाबाकडे पाहिलं.

"नेऊ नकोस," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "संध्याकाळपर्यंत उतरेल."

मी भाऊजींना उचललं, गाडीत घातलं, ताईला शेजारी बसवलं. गाडी सुटल्यावर हॉलमध्ये परत आलो तोवर बाईंनी रांगेतल्या एका मुलीच्या तोंडात थर्मामीटर धरला होता. ताप एकशे दोन. "घाला फुंकर," त्या बाबाला म्हणाल्या. बाबांनी घातली. पुन्हा थर्मामीटर. एकशे दोन.

"कपाळ गार आणि माणूस तापलेलंच," बाई म्हणाल्या. "आता चूळ भरा आणि मग फुंका."

"आमचं तप पाण्यानं धुऊन जात नाही!"

"मग चूळ भरायला हरकत काय?"

सुट्टीत बघायला जमलेल्या बाकीच्या कामगारांनी हॉल भरला होता, त्यांच्यात खसखस पिकली. बाबा तावातावानं उठले आणि त्यांच्या कमरेची चिमुकली बाटली टणकन फरशीवर पडली. मी उचलून बूच काढलं. पुदिन्याच्या सत्त्वाचे खडे! एक खडा जिभेवर ठेवला, म्हाताऱ्या पॅकरमावशींच्या ओल्या हातावर फुंकर घातली.

"अय्या, मास्तर! तुम्हीपण खिडकी?"

हशा ओसरल्यावर मावशीच म्हणाल्या, "पण बाई, माणसं बरी झाली ती कशी?"

"बरोबर विचारलंत. ताप येऊन गेला आणि बाबाकडे गेलाच नाहीत, असे कितीजण? हात वर करा."

निम्मा हॉल हात वर करून उभा राहिला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्हाला कुणी बरं केलं?" बाई म्हणाल्या. "विषाणूकडे स्वतःचं मशीन नसतं, नुसता पॅटर्नचा कागद असतो. तो तुमच्या शरीरातल्या एखाद्या पेशीत घुसतो, तिच्या मशीनवर आपला कागद ठेवतो, आणि ती बिचारी त्याचाच माल शिवत बसते. पण ती पेशी एक रसायन बाहेर सोडते, इंटरफेरॉन. ते विषाणूला मारत नाही, शेजारच्या पेशींना सावध करतं. मग विषाणू त्यांच्यात शिरला, की त्या मशीनच बंद पाडतात आणि त्याच्या कागदाच्या चिंध्या करतात. तो फार पसरू शकत नाही, तोवर शरीराची बाकी फौज येते. म्हणून साधा ताप पाच-सहा दिवसांत उतरतो. अंग ठणकतं, थंडी वाजते, त्यातही या इंटरफेरॉनचा हात असतो. चौथ्या दिवशी बोलावलं की हा बाबा उतरणाऱ्या तापावर फुंकर घालायला मोकळा!"

"आणि मास्तरांचे भाऊजी?" मावशींनी विचारलं.

"कधी ही फळी अपुरी पडते, कधी पाठोपाठ जिवाणू फुप्फुसात घुसतात. तेव्हा औषधच लागतं, तेही वेळेवर. फुंकरीनं काय होतं? शंभर तोंडांजवळ तोंड नेऊन हा गृहस्थ ताप वाटत सुटलाय."

मागे वळून पाहिलं तर गादी रिकामी. हिमशिखराची खिडकी माल चढवायच्या दारानं पसार झाली होती. मॅनेजरसाहेबांनाही नेमका तेव्हाच महत्त्वाचा फोन आला.

भाऊजी तीन आठवडे दवाखान्यात होते. वाचले. जिना चढताना मात्र अजून मध्येच थांबतात. ताई त्यांच्यासोबत थांबते, घाई करत नाही. एकदा माझ्याजवळ म्हणाली, "मी त्यांच्या तोंडावर म्हटलं रे, तुमच्या मनात खोट आहे. श्वास घेता येत नव्हता त्यांना, आणि मी असं म्हटलं."

बाबा आता दुसऱ्या कुठल्या तरी हॉलमध्ये बसला असेल. अशी माणसं बऱ्या झालेल्यांचं श्रेय लाटतात आणि न झालेल्यांच्या माथी दोष मारतात, म्हणून ती कधी हरत नाहीत. त्यांना हरवायला मोठी विद्या लागत नाही. फुंकर न घेतलेल्यांचं काय झालं, एवढं विचारा. आणि धाप लागलेल्या माणसाची श्रद्धा तपासत बसू नका, त्याची छाती तपासून घ्या.